पूर ओसरल्यानंतरचे कर्ज: परभणी जिल्ह्यातून घेतलेला आढावा

सप्टेंबर 2025 च्या अखेरीस जायकवाडीतून गोदावरीत सुमारे 3 लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. खाली पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतला नदीकाठ त्याआधीच्या पावसाने भिजून गेला होता. शेंगा भरलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले आणि बोंडातला कापूस काळा पडला. त्याच्या आदल्या वर्षीही, 1 आणि 2 सप्टेंबर 2024 ला, परभणी, हिंगोली आणि नांदेडमध्ये असाच पाऊस झाला होता. म्हणजे लागोपाठ दोन खरीप हंगाम हातातोंडाशी येऊन गेले. दोन्ही वेळा पंचनामे झाले आणि मदतही जाहीर झाली. पण मदतीच्या रकमेत गेलेले सगळे पुन्हा उभे राहत नाही आणि उरलेल्या गरजेसाठी माणूस कर्जाकडे वळतो. अशा वेळी सरकार आणि बँका कोणते कर्ज देतात, कुणाला देतात, कुणाला देत नाहीत आणि त्याबद्दल जाणकारांत काय मतभेद आहेत, याचा हा आढावा आहे. शेतकरी, दुकानदार आणि घरमालक असे तीन कर्जदार येथे वेगळे धरले आहेत, कारण तिघांसाठीचे नियम एकमेकांशी फारसे जुळत नाहीत.

तगाईचा वारसा

आपत्तीनंतर सरकारने शेतकऱ्याला कर्ज द्यावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश सरकारने 1883 चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि 1884 चा शेतकरी कर्ज कायदा केला. पहिला विहिरी आणि बांधबंदिस्तीसाठी होता, दुसरा बी-बियाणे, बैल आणि संकटातल्या निकडीसाठी. लोकांनी दोन्हींना तगाईच म्हटले. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळे हे कायदे येथे थेट चालत नव्हते. तगाई देण्याची रीत मात्र संस्थानातही होती. 1948 नंतर, आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर, तहसीलमार्फत मिळणारी तगाई हाच सरकारी कर्जाचा चेहरा राहिला.

तिची मर्यादा 1954 मध्ये आकड्यांनी सिद्ध झाली. गोरवाला समितीच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे दिसले, की शेतकऱ्याच्या कर्जात सरकारचा वाटा 3.3 टक्के, सहकारी संस्थांचा 3.1 टक्के आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. तगाई अपुरी असते, उशिरा येते आणि ज्याच्याकडे तारण आहे त्यालाच मिळते, हा तिचा निष्कर्ष. आज बँकांबद्दल जी तक्रार ऐकू येते ती सत्तर वर्षांपूर्वी तहसीलबद्दल होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर सरकारने स्वतः कर्ज वाटणे हळूहळू सोडले. ते काम सोसायट्या, जिल्हा बँका, राष्ट्रीयीकृत बँका आणि ग्रामीण बँकांकडे गेले. 1982 मध्ये नाबार्ड स्थापन झाली आणि आपत्तीत अल्पमुदतीच्या पीककर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर करायला फेरकर्ज देण्याचे काम तिच्याकडे आले. तेव्हापासून आपत्तीनंतरचे सरकारी कर्ज म्हणजे मुख्यतः असलेल्या कर्जाला मुदतवाढ. आपल्या व्यवस्थेचा सगळा आकार या एका बदलातून आला आहे. आधी कर्ज असेल तरच ते वाढवून मिळणार. ज्याच्या नावावर खातेच नाही त्याला वाढवून देण्यासारखे काही नसते.

शेतकऱ्यासाठीची आजची चौकट

पुनर्गठनाचे नियम रिझर्व्ह बँक ठरवते. पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर कर्ज पुनर्गठनास पात्र होते. 2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती. नुकसान 33 ते 50 टक्क्यांत असेल तर फेडीला जास्तीत जास्त 2 वर्षे आणि 50 टक्क्यांच्या वर असेल तर 5 वर्षे मिळतात. दोन्हींत पहिले वर्ष हप्त्याशिवाय. असे खाते थकबाकीत धरले जात नाही आणि पुढच्या हंगामासाठी नवे पीककर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा राहतो. जिल्ह्याचा काही भाग बाधित असेल तर जिल्हा सल्लागार समितीची आणि राज्याचा मोठा भाग असेल तर राज्यस्तरीय बँकर्स समितीची खास बैठक घ्यायची असते. या सगळ्याचा पाया म्हणजे सरकारने जाहीर केलेली आपत्ती आणि नुकसानीची नोंद.

कागदावर ही चौकट समंजस आहे. ती शाखेत कशी उतरते हे पाहायला एक हिशेब मांडू. कोरडवाहू 3 हेक्टरवर सोयाबीन घेणाऱ्या शेतकऱ्यावर 1 लाख 50 हजारांचे पीककर्ज आहे असे धरा. त्याने ते मुदतीत फेडले तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून 3 लाखांपर्यंतच्या कर्जावर त्याला व्याज पडत नाही. आता पुरानंतर त्याचे कर्ज 5 वर्षांवर गेले. पहिले वर्ष हप्ता नाही आणि केंद्राची व्याज सवलत त्या वर्षापुरती सुरू राहते. दुसऱ्या वर्षापासून बँकेचा नेहमीचा दर लागतो. आपत्ती फारच तीव्र ठरवली गेली आणि केंद्रीय समितीने शिफारस केली तरच ही सवलत पुढची काही वर्षे मिळते. दर 10 टक्के धरला तर दुसऱ्या वर्षी 37,500 रुपये मुद्दल आणि 15,000 रुपये व्याज, असे 52,500 रुपये भरायचे. शिवाय मधल्या हंगामासाठी घेतलेले नवे पीककर्ज वेगळे.

याच शेतकऱ्याला मदत किती मिळते? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंतच, म्हणजे 17,000. राज्याने 7 ऑक्टोबर 2025 ला जाहीर केलेल्या 31,628 कोटींच्या पॅकेजमध्ये ही मर्यादा 3 हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठीचे 10 हजार धरून कोरडवाहूला हेक्टरी 18,500 रुपये झाले, म्हणजे या शेतकऱ्याचे 55,500 रुपये. एका वर्षी सरकारने जितके दिले जवळपास तितकाच हप्ता दोन वर्षांनी बँकेला परत जातो. पुनर्गठनाने शेतकऱ्याला वेळ मिळतो हे खरे, पण त्या वेळेची किंमत तोच मोजतो.

म्हणूनच गावोगाव ‘नवं-जुनं’ चालते. मार्च जवळ आला की ओळखीच्या आडत्याकडून किंवा सावकाराकडून चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, बँकेत भरून खाते बेबाक करायचे आणि नवे कर्ज मंजूर झाले की ते परत करायचे. त्यामुळे बिनव्याजी सवलत टिकते आणि खाते चालू राहते. चार-आठ दिवसांच्या त्या उसनवारीचे व्याज मात्र कुठल्याच सरकारी आकडेवारीत येत नाही. पुरात गेलेल्या वर्षीही अनेक शेतकरी पुनर्गठनाच्या संमतीपत्रावर सही करण्याऐवजी हाच मार्ग धरतात. त्यांना अडाणी म्हणणे चुकीचे आहे. वरचा हिशेब त्यांनी बोटांवर केलेला असतो.

पिकापेक्षा अवघड प्रश्न जमिनीचा आहे. नदीकाठची माती खरवडून गेली तर एका हंगामाची मुदत वाढवून काही साधत नाही. 2025 च्या पॅकेजमध्ये अशा जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामे, तसेच गाळाने भरलेल्या विहिरीसाठी 30,000 रुपये अशी तरतूद झाली. पूर्वी सपाटीकरण आणि विहिरींसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज भूविकास बँका देत. त्या बंद पडल्या आणि 2022 मध्ये त्यांच्या सुमारे 964 कोटींच्या थकीत कर्जावर राज्याने माफीचा शिक्का मारला. त्यांच्या जागी जिल्हा पातळीवर दुसरी संस्था उभी राहिलेली नाही.

दुकान आणि घर

दुकानदाराच्या बाबतीत तरतूद फारच तोकडी आहे. आपत्ती निधीच्या निकषांत हस्तकला आणि हातमाग कारागिरांना हत्यारांसाठी 5,000 आणि कच्च्या मालासाठी 5,000 रुपये आहेत. किराणा, कृषी सेवा केंद्र, पिठाची गिरणी किंवा कापड दुकान यांना काही नाही. राज्याने मात्र 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आणि 2021 च्या चिपळूण-महाडच्या पुरात आपल्या तिजोरीतून नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50,000 रुपये दिले. 2025 मध्येही दुकानदारांसाठी 50,000 हीच कमाल रक्कम राहिली. 2019 ते 2025 या काळात मालाच्या किमती कुठून कुठे गेल्या हे कुणालाही ठाऊक आहे.

मग कर्ज? मुद्रा योजनेत आता 20 लाखांपर्यंत कर्ज मिळते, पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी आहे, अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. पण यातली एकही योजना आपत्तीसाठी बनलेली नाही. ज्याचा माल भिजला त्याच्या अर्जाची छाननी नव्याने धंदा सुरू करणाऱ्यासारखीच होते, उलट त्याच्या खात्यावरची अलीकडची उलाढाल पडलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत व्यापार-उद्योगांच्या कर्जांनाही मुदतवाढ द्यावी असे आहे, परंतु तो निर्णय प्रत्येक खात्यानुसार बँकेवर सोपवलेला आहे. पिकाच्या नुकसानीला पंचनाम्याचा सरकारी आकडा मिळतो, दुकानातल्या मालाला तसा आकडा सहसा मिळत नाही. 2020 मध्ये कोविडच्या काळात केंद्राने छोट्या उद्योगांना शिल्लक कर्जाच्या 20 टक्के वाढीव कर्ज पूर्ण सरकारी हमीवर दिले होते. सरकारची इच्छा असेल तर हमीचे कर्ज काही आठवड्यांत उभे राहू शकते, हे तेव्हा दिसले. पूर किंवा वादळासाठी तशी कायमची योजना अजून नाही.

घरासाठी तर कर्जाचा विचारच फारसा झालेला नाही. पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात 1,20,000 रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000, झोपडीला 8,000 आणि गोठ्याला 3,000 असे निकष आहेत. अंशतः आणि पूर्ण यांतले अंतर इतके मोठे आहे, की पंचनाम्यातला एक शब्द लाखाचा फरक करतो. मातीच्या भिंती पावसात मुरून फुगतात आणि ऊन पडल्यावर, कधी पंचनामा झाल्यानंतर, ढासळतात. मे महिन्यातल्या वादळात पत्रे उडाले तर भिंती उभ्या म्हणून घर अंशतःच धरले जाते. उरलेला खर्च कर्जाने भागवायचा तर गावठाणातल्या घराला बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 असतो, आणि त्यावर गृहकर्ज द्यायला बँका कचरतात. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यांच्यावर बँका प्रत्यक्षात कर्ज कितपत देतील यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

किल्लारीचा अनुभव येथे आठवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनासाठी जागतिक बँकेकडून कर्ज घेतले गेले, पण ते सरकारने घेतले. घरमालकाला घर किंवा दुरुस्तीचे अनुदान मिळाले, परतफेड त्याच्या डोक्यावर नव्हती. मराठवाड्यात घराच्या नुकसानीकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर बरीचशी हीच राहिली आहे.

बाहेरचे काही अनुभव

अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. तिथे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी संस्था 1953 पासून वादळ-पुरानंतर थेट सरकारी तिजोरीतून कर्ज देते आणि ते उद्योगांइतकेच घरमालकांना, भाडेकरूंनाही मिळते. घरासाठी 5 लाख डॉलरपर्यंत आणि उद्योगासाठी साधारण 20 लाख डॉलरपर्यंत मर्यादा आहे. इतरत्र कर्ज मिळू न शकणाऱ्यांना दर 4 टक्क्यांच्या आत ठेवला जातो आणि मुदत 30 वर्षांपर्यंत असू शकते. यावर तिथली मुख्य टीका अशी, की पतइतिहास कमकुवत असलेल्या गरीब कुटुंबांचे अर्ज मोठ्या प्रमाणात फेटाळले जातात. दुसरी अडचण निधीची. ऑक्टोबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळानंतर या कर्जाचा निधीच संपला आणि डिसेंबरमध्ये काँग्रेसने नवी तरतूद करेपर्यंत नवे कर्ज थांबले.

आपल्या जवळचे उदाहरण केरळचे. 2018 च्या महापुरानंतर तिथल्या सरकारने कुटुंबश्रीच्या महिला गटांमार्फत पूरग्रस्त कुटुंबांना 1 लाखापर्यंत बँक कर्ज मिळवून दिले आणि त्याचे व्याज स्वतः भरले. घरातली भांडी, शिलाई मशीन, शेळ्या अशा गोष्टी पुन्हा घ्यायला हे कर्ज होते. गट आधीपासून भक्कम असल्याने ते लवकर पोहोचले. जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर वेगळाच प्रश्न पुढे आला: वाहून गेलेल्या घराचे जुने कर्ज फिटलेले नाही आणि नव्या घरासाठी दुसरे काढायचे. तिथे जुने कर्ज तडजोडीने कमी करण्याची नियमावली त्यानंतर तयार झाली. परभणीतल्या शेतकऱ्याचे पुनर्गठित कर्ज आणि नवे पीककर्ज ही त्याच दुहेरी ओझ्याची आपली आवृत्ती आहे.

मतभेद कुठे आहेत

पहिला मतभेद मूलभूत आहे: आपत्तीत कर्ज द्यावे की अनुदान? अनुदानाच्या बाजूने असे म्हटले जाते, की नुकसान शेतकऱ्याच्या चुकीने झालेले नाही, मग ते त्याच्याच भविष्यातल्या उत्पन्नातून का वसूल करायचे? शेतकरी संघटनेने तर शेतीचे कर्ज हेच सरकारी भावधोरणाचे फळ आहे अशी भूमिका अनेक दशके मांडली. कर्जाच्या बाजूचे लोक सांगतात, की कुठल्याही राज्याची तिजोरी पूर्ण नुकसान भरून देऊ शकत नाही. अनुदान थोडे आणि सर्वांना सारखे असते. कर्ज गरजेनुसार मोठे असू शकते. माझ्या मते या दोन बाजू वाटतात तितक्या परस्परविरोधी नाहीत. मोडलेले उत्पन्न सावरायला अनुदान आणि पुन्हा कमावणारी वस्तू, म्हणजे विहीर, गिरणी, दुकानातला माल उभा करायला स्वस्त कर्ज, अशी विभागणी केरळच्या अनुभवाशी जुळते. तसे कर्ज आधी, अनुदान नंतर असा क्रम लागला तर मात्र सगळा भार कर्जदारावर येतो.

दुसरा मतभेद कर्जमाफीचा. महाराष्ट्रात 2017 मध्ये दीड लाखापर्यंतची आणि 2019 मध्ये 2 लाखांपर्यंतची माफी झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा आंदोलन झाले आणि 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असे सरकारने जाहीर केले. 2008 च्या केंद्रीय माफीचा अभ्यास करणाऱ्या मार्टिन कांझ यांना गुजरातमध्ये माफी मिळालेल्या कुटुंबांची शेतीतली गुंतवणूक किंवा उत्पादकता वाढलेली आढळली नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या कृषी पतपुरवठा कार्यगटानेही माफी टाळावी असे सुचवले. दुसरीकडे डॉ. स्वामिनाथन यांच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने 4 टक्के दर, आपत्तीग्रस्त भागात परिस्थिती सावरेपर्यंत वसुली थांबवणे आणि शेती जोखीम निधी सुचवला होता. दर वर्षी राजकीय निर्णयाची वाट पाहावी लागू नये हा त्यामागचा हेतू. माफीच्या अपेक्षेने शेतकरी पुनर्गठनाला नकार देतात अशी बँकांची तक्रार असते. वस्तुतः 2019 च्या योजनेत पुनर्गठित कर्जही धरले गेले होते, ही गोष्ट गावात पुरेशी पोहोचलेली नाही.

तिसरा वाद पतमानांकनाचा. पीककर्जासाठी सिबिल पाहू नये असे मुख्यमंत्री बँकर्स समितीत वारंवार सांगत आले आहेत. बँका म्हणतात, ठेवीदारांचा पैसा जपायचा तर जुनी थकबाकी पाहावीच लागते. मराठवाड्यात काही जिल्हा सहकारी बँकांची जी अवस्था झाली ती पाहता ही भीती निराधार नाही. पण दोन वर्षे लागोपाठ पूर आलेल्या तालुक्यात थकबाकी हा कर्जदाराच्या दानतीचा पुरावा धरता येत नाही, हेही तितकेच खरे.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत मोठा प्रश्न बटईदाराचा आहे. मराठवाड्याला 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, आणि कुळाचा हक्क लागेल या भीतीने जमीनमालक बटई किंवा ठोक्याचा करार तोंडीच ठेवतात. सातबारावर नाव नाही म्हणून बटईदाराला पीककर्ज नाही, म्हणून पुनर्गठनही नाही. पेरणीचा खर्च त्याने केलेला असतो आणि मदत मालकाच्या खात्यावर जाते. ई-पीक पाहणी आणि शेतकरी ओळख क्रमांक आल्याने नोंदी नेटक्या झाल्या, पण त्या नोंदींचा पाया पुन्हा सातबाराच आहे.

दुसरा प्रश्न आपत्तीच्या व्याख्येचा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. चक्रीवादळ, पूर, गारपीट या केंद्राच्या यादीतल्या आपत्ती आहेत. अवकाळी पाऊस आणि वीज यांना राज्याने आपल्या अधिकारात जागा दिली. चार गावांत आलेला वादळी वारा मात्र या सगळ्या चाळणीतून सहज निसटतो, आणि आपत्ती जाहीर झाली नाही तर बँकेचे दारही उघडत नाही.

तिसरा प्रश्न बायकांच्या नावावरील कर्जांचा. मायक्रोफायनान्सचे हप्ते आठवड्याचे किंवा पंधरवड्याचे असतात. पाणी घरात असतानाही हप्त्याचा दिवस येतो, आणि या कर्जाची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही. घराच्या एकूण कर्जात त्याचा भाग किती हे मोजल्याशिवाय पुनर्गठनाचा कुठलाही हिशेब अपुरा राहील.

चौथा प्रश्न माहितीचा. किती खाती पात्र होती, किती शेतकऱ्यांनी संमती दिली, किती जणांना पुढच्या हंगामात खरोखर नवे कर्ज मिळाले आणि पाच वर्षांनी त्यांतली किती खाती थकली, हे तालुकानिहाय दर वर्षी प्रसिद्ध व्हायला हवे. ही माहिती बँकांच्या संगणकांत असते. ती समोर आली तर कर्ज की अनुदान हा वाद निदान परभणीपुरता तरी अंदाजावर चालणार नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. असा अभ्यास त्याने हाती घ्यावा.

तोवर संमतीपत्र समोर आलेल्या वाचकाला एवढेच सांगायचे आहे. सही करण्यापूर्वी दुसऱ्या वर्षापासूनचा व्याजदर, पहिल्या वर्षीचे व्याज मुद्दलात जोडणार की नाही, आणि पुढच्या हंगामाचे नवे कर्ज केव्हा मिळेल, ही तीन उत्तरे शाखेकडून लेखी घ्या.